हिरवा झेंडा आणि ताडपत्री

शेतमाल शेतातून निघून गिऱ्हाइकाच्या घरी सुखरूप पोहोचावा, ही वरकरणी क्षुल्लक भासणारी बाब राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय होऊन शतक उलटले असले, तरी त्या चिंतेचा पहिला मान मालाला न मिळता वाहनालाच मिळतो, हे जालना जिल्ह्यातील कोणाही सुज्ञाच्या ध्यानी यावे. निजामाच्या अमदानीत, 1900 च्या सुमारास, मनमाड–हैदराबाद मीटरगेज मार्ग झाला तेव्हा इकडचा कापूस वाघिणींत बसून ऐटीत निघे खरा. परंतु मनमाडास ब्रॉडगेजची हद्द लागताच तो हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे, आणि ही कवायत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत निष्ठेने चालू राहिली.

पुढे काळ पालटला. समुद्रापासून इतक्या दूरच्या या जिल्ह्यास 25 डिसेंबर 2015 रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते ‘ड्रायपोर्ट’ची कोनशिला लाभली. पाणीटंचाईच्या मुलुखास बंदरही कोरडेच द्यावे, या धोरणातील सुसंगती वाखाणण्याजोगी होय! यथावकाश त्याचे मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क असे नामांतर झाले. मग समृद्धी महामार्ग आला. त्यासाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्या बागायतदारांच्या ट्रॅक्टरांना त्यावर मज्जाव आहे, त्यामुळे समृद्धी डोक्यावरून कशी जाते याचे दर्शन त्यांना पुलाखालून विनामूल्य घडते.

किसान रेलची कथा याहून हृद्य. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली गाडी सुटली, आणि 2022 च्या आरंभी जिल्ह्याचेच सुपुत्र, तत्कालीन रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांनी झेंडा दाखवताच जालन्याचा कांदा थेट आसामातील जोरहाटास निघाला. निम्म्या भाड्याचे अनुदान त्याच वर्षी आटोपले. कांदा मात्र ते पाहून पिकावयाचा थांबला नाही, हा त्याचा अडाणीपणा.

राहता राहिली मोसंबी. भौगोलिक मानांकनाची सनद मिळवूनही ती बागेतून पिकअपमध्ये, पिकअपमधून बाजार समितीच्या आवारात आणि तेथे छाटणीचे सोपस्कार सोसून व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली दिल्लीस जाते. हमाली, तोलाई आणि टनामागे कडता कापून उरलेली रक्कम पट्टीवर वाचताना बागायतदारास ‘वरच्या बाजारात माल फार उतरला’ हे कारण ऐकविले जाते. वरचा बाजार त्याने पाहिलेला नसल्याने प्रतिवादाचा प्रश्नच उद्भवत नाही. इकडे 30 डिसेंबर 2023 पासून माणसांसाठी जालन्याहून मुंबईस वंदे भारत धावू लागली, तिलाही अर्थातच झेंडा मिळाला.

एवढ्या झेंड्यांतला एखादा मोसंबीच्या ट्रकलाही दाखवून पाहावा, अशी सरकारदरबारी आमची नम्र अर्जी आहे. चालकास तेवढी आगाऊ कल्पना द्यावी. रस्त्याच्या कडेला हात वर करून कोणी उभा दिसला की तो मुकाट्याने गाडी बाजूला घेऊन खिसा चाचपू लागतो.