पयला श्रोता

माझे साडू आप्पा यांचं धुळ्याला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, पंप जळतात आणि लगीनसराईही नेमकी तेव्हाच येते. त्यामुळे आप्पा लग्नाला येतात ते नखांत वार्निश घेऊन. कानाला मोबाइल असतो, पण बोलत नसतात. ऐकत असतात.

आप्पा 'पयले श्रोते' आहेत. खान्देशात एखादं पोरगं घरातल्या खोलीत अहिराणी गाणं रेकॉर्ड करतं, शेताच्या बांधावर शूटिंग उरकतं, रात्री यूट्यूबवर चढवतं. सकाळी आप्पांचं ते पाठ झालेलं असतं. सचिन कुमावत आणि अण्णा सुरवाडे यांचं केसांवरच्या फुग्यांचं गाणं पुण्या-मुंबईच्या डीजेवर वाजायला लागलं, तेव्हा सगळा खान्देश खूश होता. आप्पा सोडून. "आते काय मजा नही ऱ्हायनी भाऊ. ते समदासनं व्हई गयं."

ही जमात आमच्या जळगावातही आहे. जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सवाला ती शाल पांघरून बसते आणि गायक षड्ज लावतोय तोच, "याला आम्ही कुणी ओळखत नव्हतं तेव्हा ऐकलाय," असं शेजाऱ्याला सांगून टाकते. फरक फक्त शालीचा. आप्पा मात्र थेट कवयित्री बहिणाबाईंपर्यंत जातात. त्या १९५१ साली गेल्या, कवितांचं पुस्तक १९५२ साली निघालं. मुलानं, सोपानदेवांनी, ते जपलं नसतं तर? बोलता बोलता आप्पा स्वतःला सोपानदेवांच्या शेजारी कधी नेऊन बसवतात, कळत नाही.

गेल्या वैशाखात पारोळ्याजवळच्या एका खेड्यात हळद होती. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी आणि समोर बँडची झगमगती गाडी. बँडच्या गायकाचा घसा बसला होता. तेवढ्यात एका सडपातळ पोरानं माइक घेतला. नवरदेवाचा मावसभाऊ, म्हणजे घरचाच. आप्पांची त्याच्याकडे पाठ होती. पण मोटारच्या घरघरीवरून कुठली कॉइल जळाली ते सांगणारा माणूस! हातातली बट्टी तशीच राहिली. "भाऊ, हाऊ तर तोच शे!"

तोच होता, यूट्यूबवर आप्पांनी सगळ्यांआधी ऐकलेला. त्याच्या गाजलेल्या गाण्यावर अख्खा मांडव नाचला, नवरदेवाची आजीसुद्धा. आप्पा मात्र परीक्षेला बसल्यासारखे उभे. मग गर्दी रेटत गाडीपाशी गेले आणि त्याचं सगळ्यात पहिलं, दोनशे व्ह्यूजवर मेलेलं गाणं मागितलं.

"कोनतं, काका?"

त्यालाच आठवेना. 'काका'चा घाव गिळून आप्पांनी कानात ध्रुवपद सांगितलं. पोरानं धरलं, पण पहिल्या कडव्यावरच अडकलं. आप्पांनी खालून शब्द पुरवले, ते माइकनं उचलले. दुसरं कडवं तर आप्पांनी एकट्यानं म्हटलं. पट्टी त्यांची स्वतःची, कुठल्याही पेटीवर न सापडणारी. बिचारा क्लॅरिनेटवाला मागून धावत होता. नवरीकडच्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्यावरून दहाची नोट ओवाळली.

मांडव भराभर रिकामा झाला आणि पंगतीत जागा मिळेना. मला वाटलं, आप्पा खचणार. पण घामानं डबडबलेला चेहरा नवरदेवापेक्षा उजळ दिसत होता.

"दखा भाऊ, कोनलेच समजनं नही!"

पारोळ्याला आमच्या वाटा फुटत होत्या. ते धुळ्याकडे, मी जळगावकडे. नाक्यावर चहा घेताना त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. "हाऊ आयका. शिरपूरना पोऱ्या शे." मी स्क्रीन बघितली. एक्केचाळीस व्ह्यूज.

"आप्पा, यातले तुमचे किती?"

आप्पा बशीतला चहा फुंकत राहिले.