ब्रूनोचे काका

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले हे काका निवृत्त झाले, मुलगी पुण्याला गेली आणि घरात पाठोपाठ दोघे आले: काळा लॅब्राडोर ब्रूनो आणि मिररलेस कॅमेरा. दोघांच्याही वाटेला कोणी जायचं नाही, असा दंडक आहे.

रायपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे सूर्य सरासरी अर्धा तास आधी उगवतो. याचं श्रेय काका स्वतःकडे घेतात. डिसेंबरात उजाडता उजाडता स्कूटरवर पुढे ब्रूनो आणि पाठीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन स्वारी तेलीबांधा तलावावर हजर. कोवळं ऊन तिरपं येतं, सावल्या मऊ पडतात, डोळ्यांत चमक उतरते. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांच्या धुरानं ते आणखी गाळून येतं. या धुराबद्दल कृतज्ञ असलेला रायपुरात बहुधा हा एकच माणूस.

‘काटता तो नहीं?’ एवढंच विचारून फिरायला आलेला एखादा सज्जन फसतो. काका त्याला एक्स्पोजर समजावतात. कॅमेरा सगळ्या जगाला मध्यम करड्या रंगाचं समजतो, म्हणून काळं कुत्रं राखाडी निघतं. उजेड मुद्दाम एक पायरी कमी करावा लागतो. पांढरं असेल तर उलटं. सज्जन मान डोलावत एकेक पाऊल मागे सरकतो.

मग काका जमिनीवर पालथे पडतात. छायाचित्रकार एलियट अर्विटनं 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर स्वेटर घातलेला चिवावा टिपला तो कुत्र्याच्याच उंचीवरून, शेजारी बाईची फक्त पावलं. कुत्र्यांनी बघावं म्हणून अर्विट भुंकायचाही. काकाही भुंकतात. पहिल्यांदा ब्रूनो मान तिरकी करतो, दुसऱ्यांदा कान हलवतो, तिसऱ्यांदा तलावावरची मोकाट कुत्री जमतात. ‘कुकुर के फोटू खींचत हे!’ म्हणत झाडूवाल्या बाई हातातलं काम थांबवतात.

‘बाळा, इकडे बघ. बाबाकडे बघ.’

बाळ पोहे-जलेबीच्या ठेल्याकडे बघतं.

2019 पासून काही कॅमेरे प्राण्यांचे डोळे आपोआप ओळखतात. काकांचाही ओळखतो, फक्त ब्रूनोनं तोंड इकडे करायला हवं. नीट जमलेल्या एका फोटोत तेलीबांध्याच्या 82 मीटर उंच तिरंग्याचा खांब थेट त्याच्या टाळूतून उगवला होता. काकांनी तो देशभक्तीपर म्हणून स्वातंत्र्यदिनी नातेवाइकांना पाठवला.

‘अहो, माझा पासपोर्टचा फोटो मात्र स्टुडिओत जाऊन काढावा लागला,’ हे काकूंचं म्हणणं काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

दर दिवाळीला ब्रूनोचं कॅलेंडर छापून निघतं. काकूंच्या नागपूरच्या वन्सं ते स्वयंपाकघरात लावतात. पण त्यात तिथी नसल्यामुळे कालनिर्णयच्या खाली. ब्रूनोच्या कपाळावर सिलेंडर लावल्याची तारीख, पाठीवर दुधाचा हिशेब. हे कळल्यावर काकांनी पुढच्या वर्षी सगळ्या एकादश्या छापायचं ठरवलंय, आणि आषाढीच्या पानासाठी ब्रूनोला बुक्का लावून बसवायचा सराव आत्तापासून सुरू आहे.