भाकरीची बढती

ज्वारीत ग्लुटेन नसतं. कधीच नव्हतं. तरीही ज्वारीच्या पिठाच्या पुडीवर हल्ली 'ग्लुटेन-फ्री' असं हिरव्या अक्षरांत छापतात आणि त्या अक्षरांचे पैसे वेगळे लावतात. उद्या केळ्यावर 'काटेविरहित' अशी चिठ्ठी डकवली, तरी भाव चढेल.

सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी ज्वारी आणि ताटात तिची भाकरी, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा. गहू सणाचा, पोळी जावयाची. ग्लुटेन नाही म्हणूनच हे पीठ अंगाला लावून घेत नाही: आधणाचं पाणी घालून मळायचं, लाटण्याचा नाद सोडायचा, तळहाताने थापायचं. दळण शिळं झालं की विरी जाते आणि भाकरी परातीतच चिरते. म्हणून दळण आठवड्यापुरतं. आता तेच पीठ पुडीत सहा महिने टिकतं म्हणे. टिकतं, थापता येत नाही एवढंच.

1972च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेचा लाल मिलो नाकं मुरडत खाल्ला. तोही ज्वारीच. हरितक्रांतीचा गहू पाठोपाठ रेशनवर आला, पोळी रोजची झाली आणि भाकरी गरिबाची ठरली. शहरात पाहुणे आले की भाकरीचा तवा आत सरकवण्याची पद्धत पडली. मग घरोघरी साखर निघाली, डॉक्टरांनी पोळी तोडली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर झालं आणि तवा पुन्हा बाहेर आला, या खेपेला फोटोसाठी.

इथवर हसून सोडता येतं. बिस्किटांचं तसं नाही. पुड्यावर ज्वारीचं डोलदार कणीस. पुडा उलटा केला की बारीक अक्षरांत घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, आणि कित्येकदा पहिला मान मैद्याचा असतो, मग साखर, मग पाम तेल, आणि ज्वारी पंगतीच्या टोकाला, मीठ-सोड्याच्या शेजारी. म्हणजे जिने मैदा हटवायचा, तिचंच कणीस मिरवून मैदा विकायचा! याला आरोग्य म्हणतात, आणि तो पुडा लहान मुलांच्या डब्यात जातो. ही लबाडी आहे, दुसरा शब्द नाही. शिवाय खाणारा कोण? भाकरी हे मोटेमागे आणि कुळवामागे दिवसभर चालणाऱ्याचं अन्न. आताचा खाणारा लिफ्टने खाली उतरतो, गाडीत बसतो आणि मनगटावरच्या घड्याळाला पावलं विचारतो.

पिकवणाऱ्याच्या हाती या बढतीतलं फारसं काही पडत नाही. रब्बीची ज्वारी अजून बऱ्याच रानांत हाताने उपटून काढतात, तळहात सोलतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. दाणे येताच पाखरांची राखण. भाव पडला की कडब्याचे पैसे तेवढे गाठीला राहतात. ज्यांना पाणी मिळालं त्यांनी केव्हाच ऊस लावला.