वाळूच्या गावात सिलिकॉनची बाटली

आरे-वारेच्या किनाऱ्यावर राहून आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी, सिलिकॉन विकत घेणाऱ्या माणसाकडे गाव कोणत्या नजरेने बघतो, ते मला आता पाठ झालंय. पृथ्वीच्या कवचात वजनाने प्राणवायूच्या खालोखाल हेच मूलद्रव्य, साधारण २८ टक्के. त्यातला आमचा वाटा तर सुरूच्या बनापलीकडे उघड्यावरच पडलाय. "बाटली कसली आणतोस? दोन घमेली वाळू टाक कुंडीत," शेजारचे काका म्हणाले.

पण वाळूतलं सिलिकॉन म्हणजे दगड. झाडाला ते पाण्यात विरघळून सिलिसिक आम्ल होऊन यावं लागतं. गारगोटीचा कण विरघळेपर्यंत आमरीने थांबायचं ठरवलं, तर त्याआधी आमच्या हद्दीच्या दाव्याचा निकाल लागेल. शिवाय समुद्राच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा, तो वेगळाच.

आमरीला गाव सरसकट बांडगूळ म्हणतो. आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणीसुद्धा यातून सुटत नाही. वास्तविक ती झाडाकडे फक्त बसायला जागा मागते, जेवण मागत नाही. मे महिन्यात येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना हे अजून जमलेलं नाही. तिला कुंडीत नारळाचं सोडण आणि कोळशाच्या तुकड्यांवर बसवलं, की माती नाही आणि मातीतून मिळणारं सिलिकॉनही नाही. म्हणून ती बाटली: पोटॅशियम सिलिकेट.

हे द्रावण भलतंच अल्कधर्मी, सामू ११ च्या आसपास. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बूच उघडू नये. खतातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची घट्ट अवस्थेत गाठ पडली, की पांढरा साका. मग झाडाला ना खत, ना सिलिकॉन. पंपाचं नोझल तेवढं पोटभर जेवतं. म्हणून या दोघांना वाटणीवरून अबोला धरलेल्या चुलतभावांसारखं वागवावं. मांडव मोठा घाला, एकाला आधी बसवा, दुसऱ्याला मग आणि दुसऱ्या दाराने. म्हणजे बादलीत आधी भरपूर पाणी, त्यात बाटलीवरच्या मापाने सिलिकेट, ढवळणं, आणि नंतर वेगळ्या पाण्यात पातळ केलेलं खत. शेवटी सामू मोजून साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आणायचा. चढा असेल तर सायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने. द्रावण गढूळलं तर फवारू नये. एवढी उठाठेव नको असेल, तर दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावं.

काकांना बाटली पटली नाही, पण त्यांच्या खाचरात हेच सिलिकॉन राखेच्या वेषात येतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर: रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख. तीही काळी हवी. कडक आचेवर पांढरी होईतो जाळली, की तिच्यातली सिलिका स्फटिक होऊन बसते आणि लवकर विरघळत नाही. भात हे सिलिकॉनचं खादाड पीक. रोप टणक झालं, की करप्याला आणि खोडकिड्याला दाद देत नाही. आमरीच्या कुंडीत मात्र राख ओतू नये. मुळांभोवतीची हवाच कोंडते.

आणि बाटली म्हणजे खत नव्हे. सिलिकॉन पेशींच्या भिंतींत मुरतं, पान ताठ करतं. जेवण खतानेच घालायचं. ताठपणाचं म्हणाल, तर पिढ्यान्पिढ्या भातावर पोसलेल्या आमच्या गावाला बाटलीची गरज नाही. कमी पडतं ते बादलीतलं पाणी.