कुर्रर्र... मायरा!

माझ्या भाचीचं बारसं गेल्या रविवारी झालं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा; म्हणजे बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं आणि पाठीत धपाटे खायचे. नाव ठरवायचा मान मला कुणी दिला नव्हता. मराठीत नाव ठेवायला आत्या लागते, नावं ठेवायला अख्खं खानदान तयार असतं.

अकरा दिवस घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण पेटलं होतं. क्लासिकवाल्यांच्या यादीत सई, रमा, इरावती. ट्रेंडीवाल्यांकडे मायरा, कियारा, शनाया. शनाया पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आमच्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे, आपण मालिका बघतच नाही असं सांगणाऱ्या काकांनीसुद्धा. गुरुजींनी पत्रिकेवरून ‘ढ’ अक्षर काढून दिलं, तेव्हा मात्र दोन्ही पक्ष एक झाले.

काकांचं म्हणणं, नाव कसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हवं. इरावतीसारखं. आता इरावती कर्वे जन्मल्या 1905 साली, ब्रह्मदेशात. वडिलांची नोकरी तिकडे, म्हणून तिकडच्या इरावती नदीचं नाव मुलीला. उद्या न्यू जर्सीतल्या चुलतभावाने मुलीचं नाव डेलावेअर ठेवलं, तर काका जे म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

रमाचंही तेच. रमाबाई रानडे जन्माने यमुना. आनंदीबाई जोशी, त्याही यमुनाच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, की माहेरचं पुसलं. माझी आई माहेरी कुसुम होती, हे मला तिच्या शाळेच्या दाखल्यावरून कळलं. मुलीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकलं पाहिजे म्हणणाऱ्या घराण्यात ते लग्नापलीकडे टिकत नव्हतं. बरं, एवढी दोन दोन माणसं त्या नावाची, पण आमच्या ग्रुपवर यमुनाला एक मत पडलं नाही. यमुना जुनाट, रमा क्लासिक. मधल्या काळात रमावर ‘उंच माझा झोका’ येऊन गेली ना!

मायरा संस्कृत आहे, असं वहिनीला एका साइटने सांगितलं होतं. मुळात हे नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने कवितेतल्या बाईसाठी रचलं, आणि तो 1628 साली वारला. म्हणजे काका ज्याला ‘काल आलेलं’ म्हणतात ते शिवजन्माच्याही आधीचं. हे मी ग्रुपवर टाकलं. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंकडून कुणी काही लिहिलं नाही.

शेवटी आईबापांनी आपला हक्क बजावला. मायरा. मी कुर्रर्र केलं, धपाटे खाल्ले, नाव सांगितलं. आमची आजी, म्हणजे बाळाची पणजी, पाळण्याशीच बसली होती.

‘माहेरा? अगं, आत्ता तर आलीय घरात, लगेच कुठली माहेरी पाठवताय?’

‘आजी, मायरा.’

‘म्हणजे काय गं?’

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने फोनकडे. तोवर आजीने पोरीला मांडीवर घेऊन ‘बबी’ म्हणायला सुरुवातही केली होती.

काकांनी घुगऱ्या खाता खाता संधी साधली. ‘म्हणूनच सांगतो, नाव अस्सल मराठी हवं. जुनं हवं. आणि ऐकल्याबरोबर अर्थ कळला पाहिजे.’

असं एक नाव आहे, काका. नकुशी. मुलामागे धावता धावता पुन्हा मुलगीच झाली की ठेवायचं. अस्सल मराठी, पिढीजात, आणि अर्थासाठी कुठली साइट उघडावी लागत नाही. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात सरकारी समारंभात अशा 285 मुलींनी नवी नावं घेतली. त्यांतल्या काहींनी सरळ सिनेमातल्या नटीचं नाव उचललं. ऐश्वर्या.