जप्तीमाहात्म्य

महाराष्ट्रातील बहुतेक पोलिस ठाण्यांच्या मागील अंगास, आणि तेथील जागा संपली असल्यास थेट रस्त्याच्या कडेला, दुचाक्या, रिक्षा, समोरून चेपलेल्या मोटारी आणि क्वचित एखादा ट्रक यांचा जो समुदाय उन्हापावसात उभा असतो, त्यास अज्ञ जन भंगार म्हणतात. वस्तुतः तो मुद्देमाल असतो. त्यातील प्रत्येक वाहन दप्तरी नोंदलेले असून त्याच्या पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या आहेत. आणि आसनाखाली उंदरांनी संसार थाटला असला, सांगाड्यातून रुईचे झुडूप फोफावले असले, तरी कागदोपत्री ते जप्तीच्या दिवशी होते तसेच, चालू स्थितीत, सरकारच्या ताब्यात सुखरूप आहे.

हे पद वाहनास विनासायास लाभते. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या 207 व्या कलमान्वये नोंदणी नसलेले, आवश्यक परवाना नसलेले, अनुज्ञप्तीवाचून अथवा अल्पवयीन हातांनी हाकलेले वाहन अडकवून ठेवता येते. 127 वे कलम सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेले किंवा मनाईच्या ठिकाणी उभे केलेले वाहन उचलून नेण्याची मुभा देते आणि त्या उचलण्याचा खर्चही मालकाच्याच माथी मारते. अपघात, चोरी किंवा अन्य गुन्ह्याशी संबंध आला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 106 वे कलम जागे होते. पहिले दोन प्रकार म्हणजे मुक्काम. तिसऱ्यास रहिवास म्हणावे लागते.

मुक्कामी वाहनाच्या सुटकेचा विधी कायद्याने इतका सुगम केला आहे की तो वाचून डोळे पाणावतात. मालकाने कागदपत्रांसह प्राधिकृत अधिकाऱ्यापुढे अर्ज करावा, अधिकाऱ्याने पडताळणी करून वाहन सोडण्याचा हुकूम द्यावा, मालकाने दंड भरून पावती घ्यावी आणि निघावे. कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेतील मालक आर. सी. बुक, विमा, पी. यू. सी. आणि लायसन ही चतुष्टयी उराशी कवटाळून फिरणारा गृहस्थ असावा. प्रत्यक्षातील मालकाची चारही कागदपत्रे गाडीच्या डिकीत असतात, डिकीची किल्ली जमा असते, आणि किल्ली हाती पडण्यासाठी कागदपत्रे दाखवावी लागतात. मोबाइलवरील डिजिलॉकरच्या प्रती दाखवल्या तरी चालते, अशी तरतूद केंद्रीय नियमांत आहे खरी. परंतु तो नियम दिल्लीत लिहिला गेला आणि ‘ओरिजिनल आणा’ हे वाक्य नाक्यावर उच्चारले जाते. मालकाने येथे संतापू नये. सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम निराळे असून त्यात वाहनाऐवजी मालक जमा होतो.

गुन्ह्यातील वाहनाची वाट न्यायालयावरून जाते. दंडाधिकाऱ्यांपुढे ‘मुद्देमाल परत मिळणेबाबत’ अर्ज दाखल होतो. न्यायालय त्यावर सरकारपक्षाचे म्हणणे मागवते. सरकारपक्ष तपासी अंमलदाराचे म्हणणे मागवतो. आणि तपासी अंमलदार बंदोबस्तास गेलेला असतो. हा बंदोबस्त गणेशोत्सवापासून निवडणुकीपर्यंत आणि निवडणुकीपासून एखाद्या मंत्रिमहोदयांच्या दौऱ्यापर्यंत अखंड चालणारे व्रत असल्यामुळे, म्हणणे येण्यास लागणारा अवधी कोणाच्या आळसाचा परिणाम आहे असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. यथावकाश म्हणणे येते, आणि त्यात बहुधा, योग्य त्या अटींवर वाहन देण्यास हरकत नाही, इतकेच लिहिलेले असते. मग हुकूम होतो; मालक ठरलेल्या रकमेचे बंधपत्र आणि सुपूर्दनामा लिहून देतो, आणि वाहन विकणार नाही, त्याचे स्वरूप वा रंग बदलणार नाही, न्यायालय सांगेल तेव्हा ते हजर करीन, असे कबूल करतो. यांपैकी रंगाची अट आम्हांस विशेष हृद्य वाटते. कारण जो निळा रंग आवारातील पावसाळे सोसून सर्व वर्णभेदांच्या पलीकडे पोचला आहे, तो यापुढे मालकाच्या हातून बिघडू नये, एवढी दक्षता शासनावाचून कोण घेणार?

न्यायसंस्थेने या बाबतीत मौन पाळले, असा आरोप मात्र कोणी करू नये. ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली निःसंदिग्धपणे सांगितले की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही; दंडाधिकाऱ्यांनी बंधपत्र व हमी घेऊन तत्काळ योग्य तो हुकूम करावा; आणि मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर राहावा. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या 497 व्या कलमानेही, माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णन नोंदवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि पुढील तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम करावा, असे घालून दिले आहे. सुंदरभाई प्रकरणाचे मूळ याहून रसाळ आहे. त्यातील आरोपी खुद्द पोलिस कर्मचारी होते, आणि आरोप असा होता की ठाण्यातील मुद्देमाल काढून त्या जागी बनावट वस्तू ठेवल्या गेल्या, तेथील रकमेचा अपहार झाला आणि जप्त मालाचा परस्पर लिलावही उरकला. आरोप खरे धरले तर मुद्देमालाच्या सत्वर मुक्तीचा मार्ग ठाण्यानेच प्रथम शोधून काढला होता असे म्हणावे लागते. न्यायालयाने तो केवळ मालकाच्या दिशेस वळवला.

तथापि आवारे रिती होत नाहीत, याचे एक कारण मालकाच्या हिशेबात दडलेले आहे. चिरंजीवांनी सोळाव्या वर्षी पित्याची जुनी मोटारसायकल दामटली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पित्यास पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. विमा नसल्याचे दोन हजार निराळे. विकायला काढल्यास दहा हजारही न येणारे वाहन सोडवण्यासाठी वकील करणारा पिता सुज्ञ म्हणता येत नाही. तो ठाण्याचा रस्ता टाळून कामावर जाऊ लागतो. चोरीस गेलेल्या मोटारीचे पैसे विमा कंपनीकडून पावलेला गृहस्थही, ती सापडल्याच्या वार्तेने हर्षभरित होऊन धावत येत नाही. मग जाहीर नोटीस निघते, सहा महिने दावेदाराची प्रतीक्षा होते, आणि कोणीच न फिरकल्यास लिलाव होतो.

या सर्व कथनास एक सन्माननीय अपवाद आहे. जमीन महसूल संहितेच्या 48 व्या कलमाखाली अवैध वाळूची वाहतूक करणारे ट्रॅक्टर आणि टिपर महसूल खाते पकडते व ते तहसीलच्या आवारात आणून लावते. त्यांपैकी काही एखाद्या रात्री तेथून निघून गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. या पद्धतीस मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही, तपासी अंमलदाराचे म्हणणेही लागत नाही; परंतु आम्हांस तिची शिफारस करवत नाही. 1860 च्या दंडसंहितेनेच दुरुस्तीची मजुरी थकवून कारागिराच्या ताब्यातून स्वतःचे घड्याळ उचलून नेणाऱ्यास चोर ठरवून ठेवले आहे, आणि टिपर घड्याळाहून मोठा असतो. तेव्हा गुन्हा दाखल होतो, शोध सुरू होतो, टिपर बहुधा नदीपात्रातच आढळतो आणि तो पुन्हा रीतसर जप्त होतो. फक्त त्याची मूळची जागा दरम्यान दुसऱ्या टिपरास दिलेली असल्यामुळे, तो कोठे उभा करावा, याविषयी दोन कार्यालयांत पत्रव्यवहार चालू राहतो.