भुवईचा परवाना

काही वर्षांपूर्वीपर्यंत टेक्ससमध्ये दोऱ्याने भुवया करणाऱ्या बाईला सरकारी परवाना लागायचा. त्याआधी ७५० तासांचं शिक्षण. रोज आठ तास बसलं तरी शनिवार-रविवारची सुट्टी धरून चार महिन्यांवर. आमच्या पार्लरवाल्या ताईंनी हे ऐकलं असतं तर दातांत धरलेला दोरा सुटला असता. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे सुती दोऱ्याचं रीळ, चिमूटभर पावडर आणि ‘जरा ताणून धरा’ एवढं वाक्य. तसं पाहिलं तर पापणी ताणून धरणारं गिऱ्हाईकही अर्धं काम करतंच, आणि तेही विनापरवाना.

बरं, त्या ७५० तासांत शिकायचं काय? फेशियल, वॅक्सिंग, मेकअप. बहुतेक शाळांत दोऱ्याचा धडाच नव्हता. म्हणजे पोळ्या लाटायच्या तर आधी बेकरीचा कोर्स करून या!

परवाना ही कल्पनाच खुळी, असं मात्र मला म्हणवत नाही. ज्याने वस्तऱ्याखाली मान दिली आहे, त्याला नियमांचं महत्त्व पटवावं लागत नाही. एकाचा वस्तरा न धुता दुसऱ्याच्या गालावर फिरला की दाढीतला नायटाही सोबत फिरतो. अमेरिकेत न्हाव्यांना परवाना सक्तीचा करणारं पहिलं राज्य मिनेसोटा, साल १८९७. उलट अलाबामात राज्याचं न्हावी मंडळ १९८३मध्ये बंद पडलं, आणि न्हावी पुन्हा राज्याच्या परवान्याखाली आले ते २०१३मध्ये. मधल्या तीस वर्षांत लोकांचे कान जागच्या जागी राहिले असावेत.

टेक्ससच्या थ्रेडिंगवाल्यांनी २००९मध्ये कोर्ट गाठलं. खटल्याच्या नावातच ‘पटेल’ आहे, तेव्हा दोरा कुठून तिकडे गेला हे सांगायला नको. ७५०पैकी ३२० तासांपर्यंतच्या शिक्षणाचा दोऱ्याशी संबंध नाही, हे सरकारनेच कबूल केलं. जून २०१५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी थ्रेडिंगवाल्यांच्या बाजूने कौल दिला.

माझ्या मते हे बरंच झालं. हात धुतलेत का, टॉवेल स्वच्छ आहे का, हे सरकारने जरूर बघावं. भुवई वाकडी झाली तर ते सांगायला नणंद असते.

तुमची कुणी भाची तिकडे पार्लर काढणार असेल, तर तिला आधी त्या राज्याचे नियम वाचायला सांगा. एकट्या कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्याला पूर्वी १६०० तास लागायचे, २०२२पासून १००० पुरतात.